पेन्सिलीनं ओढलेली चोरवाट

तो खेळ मी पुण्याला हॉस्टेलवर शिकलो. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली माणसं व्हायचं, आणि अडलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. सुट्टीत भोरला आलो तर खेळायला मिळाली एकटी माझी बहीण आरजू. चौघांची लढाई एकटीनं लढायची म्हणजे ती पहिल्याच चकमकीत मरणार, आणि ती मेली की खेळ संपला. म्हणून मी गुपचूप तिला पळवाटा देत गेलो.

राजगडाचा नकाशा मी पुस्तकातून जसाच्या तसा उतरवला होता. शत्रूनं तिला संजीवनी माचीवर कोंडलं, तेव्हा मात्र पेन्सिलीनं एक चोरवाट ओढून दिली. माचीच्या टोकाखालून थेट पाली गावात. केवढा मी शहाणा! ती मनानं रचलीय, हे सांगायचं राहूनच गेलं.

डिसेंबरात तिच्या कॉलेजची सहल राजगडावर गेली. तिला न्यायला मी दुपारी पालीत मोटरसायकल घेऊन थांबलो. सगळ्या मुली उतरल्या, आरजू नव्हती.

"ती फुडं आली न्हाई?" तिची मैत्रीण शेफाली मलाच विचारायला लागली. "जवळची वाट ठावी हाय म्हणून मागं ऱ्हायली. तुमीच दावलीया म्हणाली, फिरोजभाई."

"संजीवनी माचीखालची?" मी ओरडलोच.

"माचीखाली कसली वाट?" पारावर बसलेले गावातले गेनबा उठलेच. "निस्ता कडा हाय तिथं. चल बिगी."

ते दोर घ्यायला घरात शिरले, मी थांबलो नाही. धावत चढलो. आयुष्यात इतका कधी भ्यालो नव्हतो. अम्मीला काय सांगू, एवढंच डोक्यात घुमत होतं. खेळात दगड निसटल्याचा आवाज मी तोंडानं काढायचो, वर हसायचो. माचीवर पोचलो आणि तोच आवाज खरा ऐकू आला. मी जागीच बसलो. हाक मारायचीही हिंमत होईना.

मग रांगत टोकाशी गेलो. तटाला पाठ लावून, गुडघे घट्ट धरून आरजू बसली होती. एक चप्पल पायात नव्हती.

"उतरली नाहीस?" मी विचारलं.

"एक पाय टाकला व्हता." तिनं गुडघे सोडले नाहीत. "खेळात तू मला मरू देत न्हाईस, भाई. पयल्यापासनं ठावं हाय मला. पर हितं तू न्हवतास."