बंद घराचं मीटर

वडिलांना जाऊन अडीच महिने झाले होते, आणि त्यांच्या बंद घरात महिन्याला सव्वाशेच्या वर युनिट वीज जळत होती.

बिलाचा मेसेज आला तेव्हा चेतना अंधेरीच्या कॉलेजात, लायब्ररीच्या काउंटरवर बसली होती. जानेवारीनंतर वडिलांच्या सगळ्या गोष्टींवर तिचा नंबर चढला होता: बँक, गॅस, सोसायटी, वीज. फेब्रुवारीचं बिल तिने न उघडताच भरून टाकलं होतं. त्या दिवसांत ती बऱ्याच गोष्टी न उघडता उरकत होती. मार्चचं मात्र उघडलं, आणि मग मागचंही. एकशे अठ्ठावीस. एकशे एकतीस.

मुलुंड पूर्वेच्या त्या घरातला मेन स्विच तिने स्वतः पाडला होता. फ्रिज पुसून, दारात पुठ्ठ्याची घडी घालून उघडा ठेवला होता. आधी तिला वाटलं, घर बंद दिसलं म्हणून सरासरीने बिल काढलं असेल. पण बिलावर मीटरचा फोटो होता आणि त्यातलं रीडिंग स्वच्छ वाचता येत होतं.

भाऊराव तायडे बत्तीस वर्षं वीज कंपनीत मीटर रीडर होते. ज्या घराचं मीटर वाचायचं त्या घरचं पाणीसुद्धा त्यांनी कधी घेतलं नाही. "चहा घेतला की पुढच्या महिन्यात डोळा झाकावा लागतो," असं म्हणायचे. सुट्टीत छोटी चेतना त्यांच्याबरोबर फिरायची, स्टुलावर उभी राहून अंक मोठ्याने वाचायची आणि ते वहीत उतरवायचे. त्या माणसाच्या मीटरवरून, तो गेल्यावर, कोणीतरी वीज ओढत होतं.

शनिवारी सकाळी मुलुंडला पोचल्यावर ती वर गेलीच नाही. घरात गेलं की बसावंसं वाटतं, हे तिला ठाऊक होतं. ती थेट जिन्याखालच्या मीटर रूममध्ये शिरली.

चोवीस मीटर ओळीने लावलेले. वडिलांच्या मीटरखाली पांढऱ्या रंगात ३०२ लिहिलं होतं, आणि त्याचा लाल दिवा लुकलुकत होता. दिवा जितक्या घाईने लुकलुकतो तितकी वीज जास्त, हे ती आठव्या वर्षीच शिकली होती. हा दिवा धापा टाकत होता.

मीटरखालून एक करडी नळी निघून भिंतीच्या कडेने पार्किंगमध्ये गेली होती. चेतना तिच्यामागून चालत गेली. सात नंबरच्या जागेपाशी एक कुलूपबंद पेटी होती. पेटीतून केबल निघाली होती आणि केबलचं दुसरं टोक एका छोट्या पांढऱ्या गाडीच्या नाकात खुपसलं होतं. सात नंबरची जागा वडिलांची. घराबरोबर आली म्हणून घेतलेली. भाऊरावांनी आयुष्यात सायकलच्या पुढचं वाहन घेतलं नाही.

गाडी सिद्धेश परुळेकरची होती. तिसऱ्या मजल्यावर, वडिलांच्या समोरच्या दारात राहणारा. जानेवारीत खांदा द्यायला तो सगळ्यांत पुढे होता. तेव्हा तिला ते बरं वाटलं होतं. आता त्या पुढे असण्याचाही संशय आला.

तिने दहा वाजून दहा मिनिटांनी रीडिंग टिपलं, तासाने पुन्हा टिपलं. तीन युनिट. पंखा नाही, दिवा नाही, फक्त ती गाडी.

कारण शोधायला तिला फार डोकं चालवावं लागलं नाही. विजेच्या दराला पायऱ्या असतात. पहिल्या शंभर युनिटांची पायरी स्वस्त, पुढची महाग, तीनशेनंतरची त्याहून महाग. ज्याच्या घरी दोन एसी आहेत त्याने गाडीही आपल्याच मीटरवर लावली, तर तो वरच्या पायरीवर जाऊन बसतो. एकट्या म्हाताऱ्याचं घर मात्र पहिल्या पायरीवरून हलत नाही. अशा घराची तार कोणाच्याही कामाची.

तिने फोनवर वीजचोरीच्या तक्रारीचा अर्ज उघडला. पण पाठवण्याआधी सोसायटीला विचारावं, म्हणून ती तळमजल्यावरच्या ऑफिसात गेली. सेक्रेटरी चंद्रप्रकाश गुप्ते पंख्याखाली पेपर धरून बसले होते.

"काका, माझ्या वडिलांच्या मीटरवरून परुळेकरांची गाडी चार्ज होते. कमिटीला माहीत आहे हे?"

"तुझ्या वडिलांनीच तर अर्ज केलेला. गेल्या ऑगस्टमध्ये. स्वतःच्या मीटरवरून स्वतःच्या पार्किंगला पॉइंट. नियमात बसलं, मंजूर केला."

"त्यांच्याकडे गाडी नव्हती."

"गाडी आहे का, असा कॉलम नाही गं फॉर्ममध्ये." गुप्त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "आम्हाला वाटलं, मुलगी घेऊन देत असेल."

या वाक्यात टोमणा होता की नाही, हे तिला ठरवता आलं नाही. गुप्त्यांनी फाइल काढून पत्र पुढे केलं. मजकूर टाइप केलेला, खाली सही. चेतना त्या सहीकडे बघत राहिली.

वडिलांची सही म्हणजे पट्टी लावून काढल्यासारखी. या सहीतला 'भा'चा काना तीन ठिकाणी मोडला होता, आणि वरची रेघ उतारावरून घसरावी तशी खाली गेली होती. नमुना समोर ठेवून कोणी घाबरत घाबरत गिरवावं, तशी.

"ही त्यांची सही नाही."

"आता ते मी कसं सांगू? माझ्यासमोर नाही केली. पत्र सिद्धेशनेच आणून दिलेलं."

तिने सहीचा फोटो काढला. तक्रारीत आता दोन गोष्टी झाल्या: चोरी आणि खोटी सही. एका म्हाताऱ्याला जिवंतपणी फसवलं आणि मेल्यावरही सोडलं नाही. आपल्याला त्यांनी सांगितलं का नाही, एवढंच तिला कळेना. की त्यांनाही हे माहीत नव्हतं?

पार्किंगमध्ये परत आली तेव्हा सिद्धेश गाडीची केबल काढत होता. पस्तिशीचा, अंगाने भरलेला, पायात घरातल्या चपला.

"अरे, ताई, कधी आलात? वर चला ना. गार्गी आहे घरी, चहा टाकेल."

"चहा नको." तिने फोन पुढे धरला. "ही सही कोणी केली?"

त्याने वाकून बघितलं. "काकांनी."

"माझ्या वडिलांची सही मी चाळीस वर्षं बघितलीय."

"हो, पण हात थरथरायचा ना त्यांचा."

"कोणाचा?"

सिद्धेशने केबल खाली ठेवली. "काकांचा. जूनपासून. ताई, तुम्हाला बोलले नव्हते?"

दर रविवारी फोन व्हायचा. आवाज नेहमीसारखा, जेवलीस का, काय वाचतेस. शेवटची ती मे महिन्यात आली होती. त्यानंतर लिफ्टचं काम चाललंय, येऊ नकोस. मग पाय मुरगळलाय, उगाच दगदग नको. दिवाळीत, मी इगतपुरीला शिबिराला चाललोय.

"दिवाळीत ते शिबिराला गेले होते," ती म्हणाली. का म्हणाली, ते तिलाही कळलं नाही.

"दिवाळीत आमच्याकडे जेवले की. गार्गीने चमच्याने खाता येईल असंच सगळं केलेलं."

जानेवारीत तिने ते हात हातात घेतले होते. तेव्हा ते अगदी स्थिर होते.

पण तिने स्वतःला सावरलं. थरथरणारा म्हातारा, एकटा, मुलगी लांब. सही घ्यायला याहून सोपा माणूस कुठे मिळणार?

"आणि अशा माणसाकडून तुम्ही पॉइंट लिहून घेतलात."

"मी नाही घेतला, त्यांनी दिला." सिद्धेशच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "घाटकोपरच्या दवाखान्यात व्यायामाला जायचे, डॉक्टरने सांगितलेला. रिक्षात चढताना पडले एकदा. मी म्हटलं, शनिवारी मला सुट्टी असते, मी सोडतो. एकदा आले. दुसऱ्यांदा खिशातून पैसे काढले. मी घेतले नाहीत, तर दोन शनिवार दारच उघडलं नाही. मग एक दिवस स्वतःच बेल मारली. म्हणाले, माझी पहिली पायरी अर्धी रिकामी जाते, तिच्यावर तुझी गाडी लाव. तरच बसेन."

हे भाऊरावच होते, हुबेहूब. आणि म्हणूनच तिचा विश्वास बसेना. सहा वर्षं समोर राहणाऱ्याला एवढी नक्कल सहज जमेल.

"पुरावा?"

"स्वयंपाकघरातलं कॅलेंडर बघा."

दोघं लिफ्टने वर आले. तिने कुलूप काढलं. बंद घराचा वास आला. कॅलेंडर दारामागे होतं. फ्रिज पुसायला ती इथेच तासभर वाकली होती, पण दारामागे बघितलं नव्हतं. या वर्षीच्या जानेवारीच्या पानामागे गेल्या वर्षीचं कॅलेंडर त्याच खिळ्याला होतं. दूध, गॅस, पेपरच्या खुणा, आणि ऑगस्टपासून प्रत्येक शनिवारच्या चौकोनात रीडिंग. गाडी लावण्याआधीचं आणि काढल्यानंतरचं.

तिने पानं मागे उलटली. मेमधले अंक छापल्यासारखे. जूनमध्ये दुधाच्या लिटरांचे दोन-तीन अंक डळमळले होते. सप्टेंबरमध्ये ते चौकोनाबाहेर जाऊ लागले. ऑक्टोबरमध्ये एक आठ वाचताच येत नव्हता. तो खोडून पुन्हा काढला होता, आणि पुन्हा खोडला होता. नोव्हेंबरपासून अक्षर दुसऱ्याचं. मोठं, बाळबोध.

"हे कोणाचं?"

"माझं. काका म्हणाले, लिहायचं तर मराठी अंकांत लिही, माझं कॅलेंडर आहे. मी इंग्लिश मीडियमवाला. दर शनिवारी शिव्या खायचो."

खिळ्याला दोऱ्याने पेन्सिल बांधलेली होती. चेतनाने ती त्याच्या हातात दिली.

"लिहा. पाच, आठ, नऊ."

"ताई?"

"लिहा ना."

त्याने जानेवारीच्या पानाखाली लिहिलं. पाच आणि आठ कोणाचेही असतील. पण त्याचा नऊ पोट फुगवून उलटा बसला होता, आणि नोव्हेंबरच्या प्रत्येक शनिवारी तसाच उलटा नऊ होता. तिसऱ्या शनिवारी त्या नऊशेजारी एक थरथरती बरोबरची खूण होती. मास्तरांनी कंटाळून दिल्यासारखी.

ती खूण कोणाची, हे तिला विचारावं लागलं नाही.

तिने पाठ वळवली आणि ओट्यावर हात टेकले. तक्रारीचा अर्ज फोनवर अजून उघडाच होता. त्यातला पहिला कॉलम ग्राहकाच्या नावाचा. नियमाप्रमाणे आपल्या मीटरची वीज दुसऱ्याला देणाराच आधी दोषी, हे तिला ज्याने शिकवलं होतं त्याचंच नाव तिने तिथे भरलं होतं. बत्तीस वर्षांत पाणी न घेणाऱ्याने हा नियम मोडला होता, तोही कोणाचे उपकार नकोत म्हणून. आणि तिला काही कळू नये म्हणूनही.

तिने अर्ज पुसला. मग पुन्हा कॅलेंडरकडे वळली, कारण एक गोष्ट तिच्या डोळ्यांत अडकली होती. महिन्याच्या शेवटी घराचे आणि गाडीचे मिळून युनिट मांडलेले असत. सत्त्याण्णव. नव्व्याण्णव. चौऱ्याण्णव.

"शंभरच्या वर कधीच नाही," ती म्हणाली.

"काकांचा नियम होता. नव्वद झाले की खिडकीतून हाक मारायचे, बस रे आता, माझ्या पायरीवरून उतर."

"फेब्रुवारीत एकशे एकतीस झाले. घरात कोणी नसताना."

खालून कोणीतरी स्कूटर सुरू केली, ती दोनदा बंद पडली.

"शनिवारीच लावायचो आधी," शेवटी तो म्हणाला. "नंतर... मधेमधे लावायला लागलो. मग रोजच. माझ्या मीटरवर एसी आहेत, मोठं बिल येतं. वाटलं, तुम्हाला फोन करून सांगू. पहिल्या आठवड्यात बरं दिसलं नाही. पुढे मग सांगायची लाज वाटली."

"हाक मारायला कोणी नव्हतं."

"हो."

निदान हे तरी खरं आहे, असं तिला वाटलं. इतका वेळ ऐकलेल्या सगळ्यात फक्त हेच त्याच्या फायद्याचं नव्हतं. आणि तरीही एक शंका होतीच. कॅलेंडर वीज सांगत होतं; घाटकोपर कुठेच सांगत नव्हतं.

"पेटीची किल्ली द्या."

त्याने खिशातून काढून दिली.

"वरचे युनिट किती ते तुम्ही काढा. मी तपासेन. आजपासून गाडी तुमच्या मीटरवर."

"चालेल."

"आणि मला तो दवाखाना बघायचाय. तुम्ही सांगता म्हणून नाही. मला स्वतः विचारायचंय."

"चला. साडेअकरालाच निघायचो आम्ही. आज उशीर झालाय, पण एकपर्यंत उघडा असतो."

खाली येऊन तिने पेटीतला स्विच पाडला, कुलूप लावलं, आणि मीटर रूममध्ये डोकावली. ३०२चा लाल दिवा आता लुकलुकत नव्हता.

गाडीत ती पुढच्या सीटवर बसली. दार लावलं. सिद्धेशने गाडी सुरू केली आणि रस्त्याकडे बघतच डावा हात तिच्या अंगावरून पलीकडे नेला, पट्टा धरला आणि खेचून अर्ध्यापर्यंत आणला. मग त्याला कळलं की शेजारी कोण आहे. हात तिथेच थांबला.

"सॉरी, ताई. सवय झालीय. त्यांना लावता यायचा नाही."

चेतनाने पट्टा त्याच्या हातातून घेतला. बक्कल शोधायला तिला थोडा वेळ लागला. सिद्धेश समोर बघत थांबून राहिला. वडिलांसाठीही तो असाच थांबत असेल.

बक्कल लागल्याचा आवाज आला. दवाखान्यात विचारण्यासारखं आता फारसं काही उरलं नव्हतं.

"चला," ती म्हणाली.