बाळाला शेक द्यावा

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे, म्हणजे संगणकाचा पडदा. माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. हातमोजे घातलेल्या एका मुलीने माझी काच पुसली आणि मला खोक्यात बसवले, एवढेच तिथले आठवते. त्यानंतर उजेड पाहिला तो थेट गुरुग्राममध्ये, एका काचेच्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर.

वाटले होते, माझ्यावर कुणी चित्रे काढील, नकाशे बघेल, दुपारी चोरून क्रिकेट लावील. माझ्या वाट्याला वेगळेच काम आले. एका फार मोठ्या कंपनीच्या ॲपवर कोट्यवधी लोक आपले व्हिडिओ टाकत. त्यातले कुठले ठेवायचे आणि कुठले काढायचे, हे बघण्याचे काम त्या कंपनीने दुसऱ्याच एका कंपनीला दिले होते. त्या दुसऱ्या कंपनीच्या हॉलमध्ये आम्ही चाळीस मॉनिटर रांगेत उभे होतो. आधी एक यंत्र सगळे व्हिडिओ चाळायचे. त्याला संशय आला की तो व्हिडिओ आमच्याकडे यायचा. खाली दोन बटणे असत, ‘राहू द्या’ आणि ‘काढा’. एका व्हिडिओला पन्नास सेकंद मिळत.

माझ्यासमोर स्वरूपा बसायची. ती पुण्याची, मराठीत एम.ए. झालेली. तिच्या नेमणूकपत्रात ‘भाषातज्ज्ञ’ असे लिहिले होते आणि ते पत्र तिने आईला फोनवर तीनदा वाचून दाखवले होते. हे ती शेजारच्या चिरागला सांगायची. चिराग गुजराती व्हिडिओ बघायचा, ती मराठी. हॉलमध्ये फोन आणायला बंदी होती, पेन आणि कागदालाही बंदी होती. इथे पाहिलेले बाहेर बोलायचे नाही आणि व्हिडिओ टाकणाऱ्यांशी संपर्क करायचा नाही, अशी सही सगळ्यांकडून घेतलेली होती.

सुरुवातीचे वर्ष चांगले गेले. एका शाळकरी मुलीला छळणाऱ्या टोळीचे सगळे व्हिडिओ स्वरूपाने एका दुपारी शोधून काढले, तेव्हा टीम लीडर राघवने तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. चिरागने माझ्या काचेवर थाप मारून माझेही कौतुक केले. आपण भल्या कामाला लागलो, असे मला वाटले.

पण मित्रांनो, रोज सहाशे-सातशे व्हिडिओ. मारहाण, अपघात, शिव्या, रडणारी माणसे. मी काच आहे. माझ्यावरून चित्र गेले की गेले. तिच्यावरून ते जात नसे. दुसऱ्या वर्षी ती जेवणाचा डबा अर्धा परत नेऊ लागली. माझा उजेड तिने कमी केला, मग आणखी कमी केला.

अशातच एके दिवशी विठाबाईंचा व्हिडिओ आला.

त्यात साठीच्या पुढच्या एक बाई पाटावर पाय लांब करून बसल्या होत्या. पायांवर महिन्याभराचे बाळ पालथे. बाई त्याच्या पाठीला तेल चोळत होत्या, कोमट पाणी ओतत होत्या, आणि बाळ टाहो फोडत होते. मग त्यांनी त्याला गुंडाळले, टाळू भरली, तव्यावर गरम केलेला कपडा आधी स्वतःच्या गालाला लावून पाहिला आणि मग बाळाच्या पोटाला. बाळ गप्प झाले. बाई म्हणाल्या, “आंघोळ झाली की बाळाला शेक द्यावा. रोज द्यावा.”

स्वरूपा हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला हसताना पाहिले. तिने ‘राहू द्या’ दाबले.

दुसऱ्या दिवशी तिच्या नावावर चूक लागली आणि तो व्हिडिओ काढला गेला. आमच्या निर्णयांवर एक तपासनीस होता. तो कुठल्या शहरात बसतो, कुठल्या देशात, हे कुणालाच ठाऊक नव्हते. त्याला मराठी येत नव्हते. यंत्राने केलेले इंग्रजी भाषांतर तो वाचायचा. आणि यंत्राने ‘शेक’ हा शब्द इंग्रजी समजून तसाच ठेवला होता. इंग्रजीत शेक म्हणजे गदागदा हलवणे. बाळाला रोज गदागदा हलवावे, असे त्या बाई शिकवतात आणि बाळ रडते, असा त्याचा अर्थ झाला.

स्वरूपाने राघवला बोलावले. राघव मराठी घरातलाच, पण दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेला. घरापुरती मराठी, बाकी हिंदी. त्यालाही शेक म्हणजे काय ते सांगावे लागले. कळल्यावर तो पुष्कळ हसला. मग म्हणाला, की बरोबर तुझेच आहे, पण वरच्यांना कोण समजावणार? तिने तक्रारीचा फॉर्म भरला. शेकाचा अर्थ चार ओळींत लिहिला. उत्तर आले, ‘निर्णय कायम.’ खाली नाव नव्हते.

त्या आठवड्यात त्याच खात्यावरचे आणखी व्हिडिओ एकेक करून तिच्यासमोर आले. दोनदा तिने ‘राहू द्या’ दाबले आणि दोनदा चूक लागली. अजून एक चूक झाली असती तर तिचे मराठीचे कामच काढून घेतले असते. राघव तिच्या खुर्चीमागे उभा राहून हळूच म्हणाला, “काढ आणि पुढे चल यार. तू नाही काढलास तर दुसरं कुणी काढेलच.”

तिने काढला. मग त्यानंतरचा. पाच व्हिडिओ निघाले की खाते आपोआप बंद होई, असा नियम होता. शुक्रवारी दुपारी खाते बंद झाले. कारण म्हणून एकच ओळ उमटली, ‘बालकांना इजा पोहोचवणारा मजकूर.’ ती ओळ माझ्यावर उमटली, मित्रांनो. तिच्याकडे बघण्याचे स्वरूपाने टाळले. मला तसे करता येत नव्हते.

तीन आठवड्यांनी अपील आले. अपिलेही त्याच रांगेतून येत, आणि ते नेमके तिच्याकडेच आले. विठाबाईंच्या सुनेने, वासंतीने, ते मराठीत लिहिले होते. आम्ही फरीदाबादला राहतो. सासूबाई तीस वर्षे मराठी घरांतून बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालतात. ज्यांच्या आया गावाकडे आहेत, त्या मुली हे व्हिडिओ बघून शिकतात. आता लोक म्हणतात, यांचे खाते लहान मुलांना त्रास दिला म्हणून बंद झाले. तीन घरांनी येऊ नका म्हणून सांगितले. सासूबाईंनी बाळाला काय त्रास दिला, तेवढे तरी कळवा. खात्री करायची असेल तर फोन करा. खाली नंबर होता.

उत्तर लिहायला जागाच नव्हती. होती ती दोन बटणे. ‘राहू द्या’ दाबले असते तर तपासनीसाने ते पुन्हा उलटवले असते. स्वरूपाने काहीच दाबले नाही. तिचे ओठ तेवढे हलत होते. पेन नव्हते म्हणून ती दहा आकडे पाठ करत होती. पन्नास सेकंद संपले आणि यंत्राने अपील फेटाळून टाकले.

त्या नंबरवर पत्ता विचारून रविवारी ती फरीदाबादला गेली. तिथे मी नव्हतो. पण सोमवारी तिने ते सारे माझ्यासमोरच चिरागला सांगितले, हळू आवाजात, हिंदीत. विठाबाईंचे शब्द आले की मात्र ती मराठीत बोलायची आणि मग त्याला अर्थ सांगायची.

विठाबाईंचे यजमान खंडेराव दिल्लीत केंद्राच्या एका मंत्रालयात शिपाई होते. निवृत्त झाल्यावर दोघे फरीदाबादला मुलाकडे राहायला आले. मुलगा अशोक तिथल्या कारखान्यात कामाला होता. स्वरूपा कंपनीतून आली हे कळताच अशोक उभाच राहिला, त्याने तिला बसही म्हटले नाही. वासंतीने फोनमधली उत्तरे दाखवली. कंपनीच्या मदतकक्षाला एकवीस वेळा लिहिले, एकवीस वेळा तेच वाक्य. विठाबाई मोहरीचे तेल गाळत बसल्या होत्या. कुणासाठी, ते स्वरूपाने विचारले नाही.

ती म्हणाली, “मावशी, तुमचे व्हिडिओ मी काढले.”

विठाबाईंनी गाळणे खाली ठेवले. “तुला शेक म्हणजे काय ते कळतं ना गं?”

“कळतं.”

“मग?”

स्वरूपाने नोकरीचे सांगितले, तपासनीसाचे सांगितले, यंत्राचे सांगितले. बोलता बोलता तिलाच ते पोकळ वाटू लागले आणि ती थांबली. मग विठाबाई म्हणाल्या, “इतक्या दिवसांत ‘मी केलं’ म्हणणारी तू पहिली आलीस. आता एक कर. माझा काही दोष नव्हता, असं लिहून दे. त्या तीन घरी दाखवते.”

वासंतीने वही आणली. स्वरूपाने लिहिले, की विठाबाईंच्या व्हिडिओत बाळाला कोणतीही इजा नव्हती, शेक या शब्दाचा अर्थ चुकीचा लावला गेला, आणि ते व्हिडिओ काढणारी मी आहे. खाली पूर्ण नाव, सही आणि तारीख.

चिराग हे ऐकून घाबरला. त्याने तिला तो कागद परत आणायला सांगितले. ती नाही म्हणाली आणि कामाला लागली. त्या दिवशी तिने माझा उजेड पूर्ववत वाढवला.

कागदाचा फोटो आधी त्या तीन घरांत गेला, तिथून मराठी आयांच्या ग्रुपवर, तिथून कुठे कुठे. आठवड्याने सुरक्षारक्षक तिच्या खुर्चीशी येऊन उभा राहिला. राघवचा चेहरा उतरला होता. तो म्हणाला, “सही कशाला केलीस? निनावी दिलं असतंस.”

“निनावी तर इथे सगळंच आहे,” स्वरूपा म्हणाली.

तिने डबा घेतला, चिरागच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली. माझ्याकडे तिने वळून पाहिले नाही. त्याचे मला वाईट वाटले नाही. माझ्याकडे बघून ती पुरती थकली होती.

पुढे दहा-बारा दिवसांनी ते खाते परत सुरू झाले. वासंतीला निरोप आला, ‘आमच्याकडून चूक झाली असावी.’ कुणाकडून, ते नव्हते. बाकीचे व्हिडिओ आले, शेकाचा आला नाही. तीनपैकी दोन घरांनी विठाबाईंना बोलावले. तिसऱ्या घरच्या बाई म्हणाल्या, की उगाच का कुणी खाते बंद करते, काहीतरी असणारच. हे सारे चिरागला स्वरूपाने फोनवर सांगितले आणि त्याने राघवला. ती पुण्याला परत गेली होती. अजून तिला नीट झोप लागत नाही, असेही तो म्हणाला.

वर्षभरात मराठी, गुजराती, सगळी कामे यंत्राकडे गेली. माणसे परवडत नाहीत, असे कुणीतरी कुठेतरी ठरवले. आम्हाला पुसलेही नाही, तसेच ढिगात रचले. सात महिने मी तळघरात भिंतीकडे तोंड करून होतो. माझ्या एका कोपऱ्यात ओल शिरली. शेवटी आमच्यातले दहा जण बल्लभगडच्या एका शाळेला मिळाले. आता माझ्यावर मुले पाढे बघतात, कधी पृथ्वीचा गोल फिरवतात. माझा कोपरा काळवंडलेला आहे म्हणून मला शेवटच्या बाकावर ठेवले आहे.

मित्रांनो, मी थकलो आहे, तेव्हा मागणे थोडक्यात मागतो. माझी काच पुसा, ओल्या फडक्याने नको, कोरड्याने पुसा. आणि तुमच्यातले कुणी मोठेपणी अशा एखाद्या कंपनीत मोठ्या खुर्चीवर बसले, तर कुणाचे बोलणे बंद करण्याआधी त्याला बोलवा, त्याच्या भाषेत विचारा. वाईट ते जरूर काढा, मी पाहिलेले आहे, ते काढावेच लागते. पण चूक झाली तर समोर जाऊन सांगता येईल, इतके जवळ राहा. यंत्रे वेगाने चाळतील. आमच्यासारखे पडदे सांगाल ते दाखवतील. बघायला मात्र माणूस ठेवा.