भाऊबंदकीबाहेरचा रोट

हेमराज पाटलांनी नुसत्या आवाजावरून कधी एखादे यंत्र मोडीत काढले नव्हते. धुळ्याच्या तंत्रनिकेतनात शिकलेले, सुरतेजवळ पलसाण्याच्या कापडगिरणीत देखभाल खात्याचे प्रमुख झालेले हेमराज झाकण उघडून दोष डोळ्यांनी पाहिल्याखेरीज निदान सांगत नसत. ही शिस्त माणसांच्या बाबतीत मात्र त्यांना पाळता आली नाही.

पांडुरंग वानखडे मूळचे अमरावतीकडचे, त्याच गिरणीत रंग तोलणारे. सुरतेतल्या नवागामच्या एकाच गल्लीतून दोघे गिरणीच्या बसने जात आणि एकमेकांच्या डब्यातले खात. हेमराजांनी घरावर खोली चढवली, तेव्हा विटांचे काम चालू असतानाच ते म्हणाले होते, "पांडुरंगभाऊ, ही तुमची. भाड्याच्या घरात किती दिवस गळक्या छताखाली बसणार? इथेही भाडेच द्या, पण छत माझ्या हातचे आहे." पांडुरंगांच्या पत्नी वत्सलावहिनींनी तर पडद्यासाठी खिडकीचे मापही घेऊन ठेवले.

खोली पुरी झाली, सत्यनारायण घातला. हेमराजांच्या पत्नी प्रमिलाबाई प्रसादाचा द्रोण घेऊन पुढे झाल्या, तेव्हा पांडुरंगांनी भरल्या घरात हात जोडले.

"दंडवत प्रणाम, वहिनी. मी महानुभाव पंथाचा उपदेश कधीचाच घेतलाय. दुसऱ्या देवाचा प्रसाद आम्हाले चालत नाही. राग नका मानू. चाय मांडा, दोन कप पेतो."

चहा आला. पांडुरंग खरोखर दोन कप प्याले, पोथी सांगणाऱ्या गुरुजींनाही 'दंडवत' म्हणून गेले. पाठ वळताच प्रमिलाबाईंनी अहिराणीत टोला हाणला, "चहा पचस, परसाद नही पचत!" सारे घर हसले. हेमराज हसले नाहीत. त्यांच्या मनात ते वाक्य कुसळासारखे रुतले. आपल्या देवाचा घास नाकारणारा माणूस आपल्याच छपराखाली कसा ठेवायचा?

आठवड्याने पांडुरंग किल्ली मागायला आले.

"भाचा भटू यायचा आहे धुळ्याहून," हेमराज म्हणाले. "त्याला लागेल खोली."

"हाव ना, भाऊ. घरचा माणूस आधी." पांडुरंगांनी पुन्हा विचारले नाही. त्यांच्या भाड्याच्या घराचे छत गळतच होते. थोड्याच दिवसांत ते नोकरी सोडून हजिऱ्याकडे मुलापाशी, प्रवीणकडे राहायला गेले. बसमध्ये हेमराजांच्या शेजारची जागा कुणीही घेऊ लागले.

श्रावणात खानदेशी रिवाजाप्रमाणे घरात कानबाई देवी बसली. नैवेद्याचे रोट झाले. सून हर्षदा सुरतेतच वाढलेली. तिने दोन रोट डब्यात भरले.

"हे कुणाला?" हेमराजांनी विचारले.

"वत्सलाकाकूंना. मी उद्या हजिऱ्याला जाणारच आहे, आबा."

"काढ ते बाहेर! कानबाईचा रोट भाऊबंदकीबाहेर, परक्या घरी जात नाही."

"काकूंना वाईट नाही वाटणार? घरात केलं आणि दिलं नाही म्हणून?"

"वाईट कशाचं? यात कुणाचा अपमान नाही. ज्याची त्याची रीत असते, शहाण्या माणसाला ती समजते."

हर्षदाने रोट परत परातीत ठेवले. डब्याचे झाकण लावता लावता ती सहज म्हणाली, "मग प्रसाद न घेणं ही काकांचीही रीतच होती ना, आबा?"

प्रमिलाबाई पदराने हात पुसत राहिल्या. हेमराज उठून वर गेले. खोलीला नव्या चुन्याचा वास अजून होता. वत्सलावहिनींनी मापासाठी बांधलेली सुतळी खिडकीच्या गजाला तशीच लोंबत होती. तिथूनच त्यांनी फोन लावला.

"दंडवत प्रणाम, हेमराजभाऊ! आज कशी काय आठवण झाली? घरी सगळे बरे? आणि भाचा रुळला का तिथं?"

या प्रश्नात टोमणा असता तर बरे झाले असते. हेमराजांनी तो शोधलाही; सापडला नाही.

"भाचा यायचाच नव्हता, पांडुरंगभाऊ. खोली रिकामीच आहे. तुम्ही या."

 पांडुरंग हळूच म्हणाले, "मले वाटलंच होतं, भाऊ. पण तुम्ही बोलले म्हणून खरं मानलं." मग म्हणाले, "आता प्रवीणनं इथं जागा घेतली. वत्सलानं पडदेही शिवले, इथल्या खिडकीचे. पण याल तेव्हा चाय मांडतो. दंडवत."

इतकी वर्षे हेमराज त्यांच्या दंडवताला 'राम राम' म्हणत आले होते. आज त्यांनी 'दंडवत' म्हणायला तोंड उघडले, तोवर फोन बंद झाला होता.