बोटभर वाढता

आण्णाप्पाच्या हाताबद्दल उद्यमबागेतल्या कारखान्यांत दुमत नव्हतं. ओतकामासाठी लागणारे लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचे नमुने, करावेत तर त्यानंच. वितळलेलं लोखंड निवताना आकसतं, म्हणून पॅटर्न मुळातच थोडा मोठा धरायचा आणि वर मशिनवर घासायला बोटभर सोडायचं, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. इतकं, की खासबागेतल्या घरात त्यानं हौसेनं कपाट केलं ते भिंतीच्या कोनाड्यात मावलंच नाही. बायको ते अजून विसरू देत नाही.

अशा माणसापुढं त्याच्या लेकीनं, तेजस्वीनं, एक जुना विंडसर्फचा बोर्ड आणून टाकला. कॅम्पात राहणाऱ्या तिच्या शरद सरांनी तरुणपणी त्याला शीड लावून पाण्यावर हौस भागवून घेतली होती. नंतर गॅरेजच्या माळ्यावर धूळ खात पडलेला तो त्यांनी तिला देऊन टाकला. तेजस्वी गोव्यात काइटबोर्डिंग शिकून आलेली. म्हणजे पाय एका फळीत अडकवायचे, आभाळात भलामोठा पतंग सोडायचा आणि वाऱ्यानं ओढत नेईल तसं पाण्यावरून पळायचं. आण्णाप्पाला स्वतःला पोहता येत नव्हतं. ऐकूनच त्याला घाम फुटला.

"यातला फोम काढून मला बोर्ड करून द्या की, आप्पा. तुमच्यासारखा हात कुणाचा न्हाय," ती म्हणाली. गडी विरघळला.

वरचं प्लास्टिकचं कातडं सोलल्यावर निम्मा फोम पाणी पिऊन काळा पडलेला निघाला. चांगल्या फोमात जेमतेम एकच बोर्ड बसत होता. चुकलं तर दुसरा नाही. आण्णाप्पानं तेजस्वीनं आणलेला कागदी फर्मा बाजूला ठेवून त्यावरची मापं फोमावर आखली, करवतीनं कापलं, पॉलिशपेपरनं घासून कडा गोल केल्या, वर फायबरचं कापड घालून रेझिन चढवलं. रेझिन कडक झाल्यावर सहज म्हणून फर्मा वर ठेवला, आणि परत परत जुळवून बघितला. बोर्ड चारी बाजूंनी वाढता होता. आखताना हातात कारखान्यातली पॅटर्नची पट्टी होती, आकसण्याचा हिशेब धरून लांब आखलेली. वर सवयीनं बोटभर सोडलेलं. आता फोम काय निवून आकसणार होता? आणि कापावं तर वरचं फायबर फुटणार.

"वाढत्या अंगाचा शिवलाय म्हणा!" बायको हसली. पण त्याचा चेहरा बघून तिनं हसू आवरलं. "पोरीला सांगा, वो."

सांगतो म्हणाला, आणि सांगितलं नाही. सरांनी दिलेली वस्तू आपण वाया घालवली, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

रविवारी हिडकल धरणाच्या पाण्यावर वारा झकास होता. तेजस्वीबरोबर गोव्यात शिकलेला ऋग्वेदही आला होता, दुकानातला सुबक, छोटा बोर्ड घेऊन. तेजस्वीनं जाकीट चढवलं, पाय अडकवले.

"जरा मोठा वाटतोय न्हाय गं?" आण्णाप्पानं चाचरत विचारलं.

"बघू की!" म्हणाली आणि गेलीसुद्धा.

पोरगी पाण्यावरून अशी पळाली की आण्णाप्पा क्षणभर भीती विसरला. मग वारा पडू लागला. काठाजवळचा ऋग्वेद कमरेपर्यंत बुडाला, त्याचा पतंग पाण्यात आपटला आणि तो पोहत बाहेर आला. तेजस्वी मात्र पार मध्यावर होती. खिशात फोन वाजत होता. बायकोचाच असणार. त्यानं उचलला नाही. आपल्या चुकीनं पोरगी तिकडं अडकली, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. यल्लम्माला नवस बोलायचा तर शब्द सुचेना.

पण ती बुडत नव्हती. पतंग डावीकडून उजवीकडं वळवत, हळूहळू, कासवासारखी का होईना, ती काठाकडं सरकत होती. तळ पायाला लागेपर्यंत बोर्ड तिच्याखाली तरंगतच राहिला.

आण्णाप्पा बुटांसकट चिखलात उतरला. तिचा दंड धरला आणि एका दमात सगळं ओकला: पट्टी, बोटभर, फर्मा, सगळं. "चुकलो गं मी."

तेजस्वीनं दम खाल्ला. मग ओल्या हातांनी तिनं त्याचा चेहरा धरला.

"आप्पा, बोर्ड मोठा असला की कमी वाऱ्यात बी वर राहतोय. फर्म्याच्या मापाचा असता तर मी अजून तिकडं पाण्यात बसलेली असते. लोखंड आकसतंय तसा वारा बी आकसतोय की!"

आण्णाप्पा काठावर फतकल मारून बसला आणि आधी हसला, मग रडला. लाज वाटायचीही ताकद उरली नव्हती. फोन परत वाजला.

"आली का वो?" बायकोचा आवाज कापत होता.

"आली. बाहेर आली."

"आणि तुमचं ते बोटभर?"

"त्यानंच आणली."

पलीकडं तिनं नाक ओढलं.

"कपाटाचं आता कधी बोलायची न्हाय मी," ती म्हणाली.