नकाशावर राहिलेली आगगाडी

मित्रांनो, मी भिंतीवर टांगायचा एक नकाशा आहे, आणि वयाने तुमच्या आजोबांच्या जवळपास जाणारा. आपल्या राज्याचा नकाशा. एका छापखान्यात मला छापलं, जाड कापडावर चिकटवलं, वर-खाली लाकडी दांडे ठोकले आणि अंगावर रोगणाचा हात फिरवला. वाळेपर्यंत दोन दिवस मी दोरीवर लटकत होतो. मग माझी रवानगी एका महाविद्यालयाच्या इतिहास विभागात झाली.

तिथे पहिल्या वर्षाला राज्याचा इतिहास हा विषय सक्तीचा होता. बाकीचे नकाशे जगाचे, नाहीतर लढायांचे. माझ्यावर मात्र मुलांना आपलं गाव सापडायचं. तास सुटला की माझ्याभोवती गर्दी होई. बोटं लागून लागून काही ठिकाणचा माझा रंग उडाला, पण त्याचा मला कधी राग आला नाही.

पुढे राज्याची पूर्वेकडची सीमा बदलली. नवा नकाशा आला, मग नकाशाच्या जागी प्रोजेक्टरचा पांढरा पडदा आला. शिपाईमामांनी मला गुंडाळलं, सुतळीने बांधलं आणि विभागातल्या कपाटामागे उभं केलं. नोंदवहीत माझ्यापुढे 'बाद' असा शेरा पडला. किती वर्षं गेली ते सांगता येणार नाही. पालीने माझ्या दांड्यामागे तीनदा अंडी घातली, एवढं आठवतं.

विभाग आणि वर्ग यांच्यामध्ये नुसती फळ्यांची भिंत होती. त्यामुळे शिकवणं मला ऐकू येई. एका सकाळी नवे सर पाठ्यपुस्तक वाचत होते, "उत्तरेकडच्या डोंगराळ भागात रेल्वे कधीच पोहोचली नाही. त्यामुळे तो भाग मागास राहिला."

"सर, हे चुकीचं आहे," एक बाई म्हणाल्या.

त्या बाई शिवणकाम करत. सत्तेचाळिसाव्या वर्षी त्यांनी कॉलेजात नाव घातलं होतं. सकाळी तास, दुपारी दुकान. सगळा वर्ग त्यांना मावशी म्हणायचा.

"काय चुकीचं?" सरांनी विचारलं.

"तिथं रेल्वे होती. माझे वडील फाटकावर होते. मी सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही फाटकाच्या खोलीतच राहत होतो."

"मावशी, चावीची गाडी असेल ती!" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि वर्ग खो खो हसला.

सर म्हणाले, "पुस्तकात तसं नाही. परीक्षेला पुस्तकातलंच लिहा." आणि त्यांनी पान उलटलं.

पुढचे दोन दिवस मावशी आल्या नाहीत. सरांना ते लागलं असावं. तिसऱ्या दिवशी त्यांनी शिपाईमामांना विचारलं, "मामा, राज्याचा एखादा जुना नकाशा आहे का हो?"

"आहे एक. पण तो बाद केलाय."

"असू द्या. काढा."

सुतळी तुटली. मला टेबलावर पसरलं, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवली. सरांनी भिंग लावलं. माझ्या उत्तरेच्या डोंगरांतून एक काळी रेघ गेलेली होती, आडव्या बारीक काड्यांची. तिच्यावर पाच स्थानकं होती. सरांनी ती एकेक करून मोजली. मग त्यांनी मला गुंडाळून खांद्यावर घेतलं आणि बसने थेट मावशींच्या दुकानात नेलं.

मावशी मशीनवर होत्या. आत खुर्चीत त्यांचे पंच्याऐंशी वर्षांचे वडील बसले होते. कापड बेतायच्या फळीवर सरांनी मला उलगडलं.

"बाबा, बघा तरी हे," मावशी म्हणाल्या.

म्हाताऱ्याने चष्मा पुसला, वाकून पाहिलं आणि रेघेवर बोट टेकलं. "इथं माझं फाटक. तिसऱ्या आणि चौथ्या स्थानकाच्या मधे. सकाळची गाडी सात वीसला यायची."

"मग बंद कशी झाली, आजोबा?" सरांनी विचारलं.

"पुरात पूल गेला. दुरुस्त करू म्हणाले. कसली दुरुस्ती! वरून हुकूम आला, रूळ काढा. शेवटची गाडी उलटी चालत आली, मास्तर. मजूर तिने ओलांडलेले रूळ उचलून तिच्यातच भरत होते. ती जाईल तशी तिची वाटच संपत होती. मी फाटक लावलं आणि हिरवा बावटा दाखवला. नियमच होता तसा." मग ते म्हणाले, "त्यानंतर आमचा बाजार बसला. गिरणी बसली. लोक पांगले."

सर म्हणाले, "म्हणजे पुस्तकात सगळं उलटंच लिहिलंय."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भिंतीवर होतो. सर वर्गाला म्हणाले, "पुस्तक चुकलं, आणि मीही चुकलो. मावशी, माफ करा." मागच्या बाकावरून ओरडलेल्या मुलाने विचारलं, "मग सर, परीक्षेत काय लिहायचं?" सर म्हणाले, "मी पाठ्यपुस्तक मंडळाला पत्र लिहिलंय. पण पेपर दुसरेच तपासणार. तुमचे गुण घालवा, असं मी सांगू शकत नाही."

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला, 'उत्तरेकडचा भाग मागास का राहिला?', दहा गुणांचा. मावशींनी खरं लिहिलं, शेजारी माझी रेघ काढली आणि पाचही स्थानकं दाखवली. त्यांना दोन गुण पडले. मागच्या बाकावरच्याने आधी पुस्तकातलं उत्तर लिहिलं आणि खाली जोडलं, 'वरील उत्तर खरे नाही.' त्याला सात मिळाले. विभागात बसून सगळे पोट धरून हसले, मावशीसुद्धा. मग त्या म्हणाल्या, "दोन तर दोन. घरी जाऊन बाबांसमोर बसायचं असतं मला."

सरांनी मंडळाला चार पत्रं पाठवली. सोबत माझा फोटो आणि म्हाताऱ्यांचं सांगणं उतरवून जोडलं. दोन वर्षांनी पुस्तकाची नवी आवृत्ती आली. ती घेऊन सर दुकानात निघाले तेव्हा त्यांनी मलाही बरोबर नेलं. त्यांनी मोठ्याने वाचलं, "या भागात काही काळ रेल्वे होती. ती काढून टाकल्यावर येथील व्यापार मोडला."

मावशींनी डोळ्यांना पदर लावला. म्हातारे मात्र कपाळाला आठ्या घालून बसले होते.

"काही काळ?" ते म्हणाले. "एकवीस वर्षं! लिहा त्यांना."

सरांनी तिथेच बसून पाचवं पत्र लिहिलं.

मित्रांनो, त्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही. मी आता वर्गात असतो, कडांना मावशींनी नवी पट्टी शिवून दिली आहे. माझी एवढीच विनंती आहे. माझ्यासारखे जुने कागद घडी घालून मोडू नका, ओलीत ठेवू नका. आणि ज्यांना हे कागद वाचता येतात, त्या माणसांकडे आधी जा. कागद थांबतो हो, माणसं थांबत नाहीत.