खिडकीची उंची

गल्लीत त्याला सगळे मोजपट्टी म्हणत. पन्नाशी उलटलेला ड्राफ्ट्समन. खिशात टेप नसला तर अनवाणी बाहेर पडल्यासारखा बावरायचा. लोकांचं घर बांधून झाल्यावर कसं दिसेल, ते आधीच कागदावर काढून दाखवायचं, हे त्याचं तीस वर्षांचं काम. ऑफिसात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला तो पहिल्याच दिवशी ऐकवायचा, "आधी बघणाऱ्याचा डोळा किती उंचीवर आहे ते ठरवा, मग भिंती काढा. डोळा हलला की घर बदलतं." ऐकणाऱ्यांचे कान किटले, पण याचं तोंड काही दुखलं नाही.

आता याच गृहस्थानं स्वतःच्या घरी काय केलं, ते ऐका. आईचे पाय गेले तेव्हा त्यानं तिच्या पलंगालगतची भिंत फोडून खिडकी बसवली. चांगली ऐसपैस, गल्लीकडे उघडणारी. खालची कड जमिनीपासून तीन फुटांवर, सगळ्या घरांत असते तशी. खिडकीशी उभं राहिलं की पार कोपऱ्यापर्यंतची गल्ली दिसायची, आणि त्यानं ती उभं राहूनच बघितली. येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवली. आईनं "बाहेर कोण भांडतंय रे?" असं विचारलं की मात्र वैतागायचा. "आई, एवढी खिडकी केली तुझ्यासाठी, बघ की जरा!"

"हो रे बाळ, छान आहे खिडकी," आई म्हणायची.

सहा वर्षं ती त्या पलंगावर होती. गेल्या महिन्यात गेली.

रविवारी दुपारी तो त्या खोलीत टेप घेऊन शिरला. तिथे आपलं ड्रॉइंगचं टेबल ठेवायचं त्याच्या मनात होतं. आईचं सगळं करणाऱ्या मावशी राहिलेलं सामान न्यायला आल्या होत्या, कोपऱ्यात पिशवी भरत होत्या. वाकून वाकून त्याची कंबर धरली, म्हणून तो जरा पलंगावर आडवा झाला.

खिडकीत आकाश दिसलं. नुसतं आकाश, विजेच्या खांबाचं टोक आणि एक तार. त्यानं मान ताणली, उशी दुमडून घेतली, तरी तेच. मग पडल्यापडल्याच त्यानं टेप सोडला. डोळा सव्वादोन फुटांवर. खिडकीची कड तीन फुटांवर. नऊ इंच.

"मावशी, आईला इथून काही दिसायचं का हो?"

"इथून कसलं दिसतंय साहेब? त्या आरशात बघायच्या ना. हात वर करून असा तिरका धरायच्या. पार कोपऱ्यापर्यंत दिसायचं."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"त्याच म्हणाल्या, सांगू नकोस. एवढ्या हौसेनं केलीये, हिरमुसेल."

लाल कडेचा हातातला आरसा. दीड वर्षापूर्वी तो पडून फुटला. आईनं नवीन मागितला तेव्हा तो "आणतो" म्हणाला. पुन्हा मागितला तेव्हा विसरला. तिसऱ्यांदा घरात मित्र बसले होते. "आता नटूनथटून कुठे जायचंय आई?" तो म्हणाला. सगळे हसले, आईही हसली. पुढे तिनं आरशाचा विषय काढला नाही.

त्याच सुमाराला चहाचंही बिनसलं होतं. आधी तो दारात चप्पल काढेपर्यंत वाफाळता कप समोर यायचा. मग ते थांबलं, आणि त्यानं मावशींना फाडकन विचारलं होतं, "काम अंगावर यायला लागलंय का?"

"आणि चहाचं…" तो कसाबसा म्हणाला.

"त्याच सांगायच्या की कधी ठेवायचा. तुम्ही कोपऱ्यावर सिगारेट ओढत थांबायचात ना? म्हणायच्या, 'थांब, अजून पेटलेली आहे. दिवसभर लोकांची घरं काढून येतो, स्वतःच्या घरात शिरायच्या आधी त्याला जरा दम खाऊ दे.' तुम्ही विझवली की म्हणायच्या, 'हं, ठेव आता.'"

आईला सिगारेटचं कळू नये म्हणून हा बाबा रोज पेपरमिंट चघळून घरात शिरत होता! त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मावशींकडे बघवेना. तो उठला, न्हाणीघरातला दाढीचा आरसा घेऊन आला आणि पुन्हा आडवा झाला. हात वर करून आरसा तिरका धरला. दुकानाचं शटर दिसलं, बाक दिसला, आणि टोकाला तो रोज टेकून उभा राहायचा ती भिंत दिसली. दोन मिनिटांत हात भरून आला. आई रोज त्याची सिगारेट संपेपर्यंत धरून ठेवायची.

"आरसा फुटल्यावर काय करायची हो ती?"

मावशींनी पिशवीचे बंद बांधले.

"गल्लीत कुणाचंही फाटक वाजलं की विचारायच्या, 'आला का गं माझा बाळ?' मी खिडकीशी उभी राहून बघायची आणि सांगायची, नाही, दुसरंच कोणीतरी आहे."