सेटअप झालं की तुबली

ओजसचे बाबा महिनाभराच्या व्हिजिट व्हिसावर बहारीनला आले ते एकाच कामासाठी. ओजसच्या जन्माआधी ते तुबलीतल्या एका गॅरेजमध्ये अम्मार नावाच्या बहारिनी मेकॅनिकबरोबर काम करायचे. तो अम्मार अजूनही रोज दुपारी तिथेच खुर्ची टाकून बसतो, अशी पक्की खबर होती. मुलाला त्याच्यासमोर उभं करायचं आणि म्हणायचं, हा माझा. एवढंच.

ओजस राहतो त्या उम्म अल हस्समहून तुबली म्हणजे गाडी तापायच्या आत पोहोचतो.

"सेटअप झालं की जाऊ," ओजस म्हणाला.

सेटअप म्हणजे लॅपटॉपवरची होम लॅब. सीफमधल्या त्याच्या ऑफिसात सर्व्हर टीममध्ये जागा निघणार होती, आणि सरावासाठी ऑफिसचे सर्व्हर कोणी मोडायला देत नाही. म्हणून लॅपटॉपच्या पोटात तीन-चार खोटे कंप्यूटर चालवायचे आणि ते मोडायचे. ते चालवणारं सॉफ्टवेअर तेवढं निवडायचं राहिलं होतं.

बाबांनी नीट समजून घेतलं. "म्हणजे गाडीच्या डिकीत दुसरी गाडी."

"साधारण."

"आणि ती डिकीतल्या डिकीत चालते."

"हो."

"पेट्रोल कोणाचं?"

"बाहेरच्या गाडीचं. म्हणून तर नीट निवडायला हवं."

हायपर-व्हीला विंडोजची प्रो आवृत्ती लागते, ओजसकडे होम. व्हर्च्युअलबॉक्स फुकट आणि सुटसुटीत, पण एका फोरमवर कोणीतरी नाक मुरडलं होतं. व्हीएमवेअर घरगुती वापराला फुकट, पण आधी खातं उघडा. प्रॉक्समॉक्स भारदस्त, फक्त त्यासाठी लॅपटॉप आधी धुऊन पुसून कोरा करायचा. ओजस ऑफिसातून आला की तुलनेचे व्हिडिओ लावायचा. शुक्रवारी सुट्टी, म्हणून सकाळपासून.

बाबाही शेजारी बसून बघायचे. पुढेपुढे त्यांची मतं तयार झाली. खालच्या कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, दूध आणायला गेले असताना त्यांनी मलबारी दुकानदाराला बजावलं की प्रॉक्समॉक्सच्या नादी लागू नकोस. तो म्हणाला, हम रखता ही नहीं.

आतल्या कंप्यूटरला गेस्ट म्हणतात हे कळल्यावर बाबांनी विचारलं, "पाहुण्याला किती रॅम देणारेस?"

"चार जीबी. जास्त दिली की आपलं मशीन अडखळतं."

"दोन दे. पाहुण्याचं काय, तो भागवतो."

असा महिना गेला. जायच्या आदल्या दुपारी बाबांनी बॅग भरली, चेन लावली आणि बॅगेवरच बसले. ओजसने लॅपटॉप मिटला. "यल्ला बाबा, तुबली."

गॅरेजमध्ये खुर्ची होती. अम्मार नव्हता. एका पिकअपखालून त्याचा मुलगा साद बाहेर सरकला. गॅरेजवाल्यांच्या हिंदीत त्याने सांगितलं, अब्बा आज सकाळीच मक्केला उमराहला निघाले, बसने. आप कब जा रहे हो? उद्या सकाळी, म्हटल्यावर त्याने हात पुसले, बाबांना त्या खुर्चीत बसवलं आणि वडिलांना व्हिडिओ कॉल लावला.

फोनमध्ये एक पांढरी दाढी हलत होती.

"शैलेंद्र," दाढी म्हणाली. "मोटा हो गया."

"तू बुड्ढा हो गया."

"अकेला आया?"

"नहीं. देख." बाबांनी ओजसला दंडाला धरून फोनसमोर ओढलं. "ये मेरा."

तेवढ्यात चित्र थिजलं. अम्मारचा एक डोळा मिटलेला, एक उघडा, तोंड कशासाठी तरी वासलेलं. बाबा त्या तोंडाकडे बघत थांबले. दंड सोडला नाही. ओजसही हसरा चेहरा करून तसाच उभा राहिला, कोणी बघत नसताना. मग नुसता आवाज आला.

"सुन, शनिवार को वापस आ रहा हूँ. खाना मेरे घर. बेटे को भी ला, उसको देखना है. खलास, मैं कुछ नहीं सुनूँगा."

"इंशाल्ला," बाबा म्हणाले.

साद पुन्हा पिकअपखाली गेला.

गाडीत ओजस म्हणाला, "तिकीट पुढे ढकलतो."

"सोमवारी तुझ्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे."

"मग उद्या निघताय हे त्यांना सांगायचं तरी होतंत."

"बसमध्ये बसलेल्या माणसाला? तो उतरून चालत आला असता." बाबा खिडकीतून गॅरेजांच्या पाट्या वाचत होते. मधेच म्हणाले, "शेवटी कुठलं घेतलंस?"

"नाही घेतलं." सिग्नल लाल होता. "कुठलंही चाललं असतं, बाबा."

"तो कोल्ड स्टोअरवालाही तेच म्हणत होता."

सिग्नल सुटला.

"शनिवारी तू जा," बाबा म्हणाले. "जेवून ये."

"आणि तुमचं काय सांगू?"

"ठरव तू. आहेत अजून थोडे दिवस. फक्त अब्बा चले गए असं काही म्हणू नकोस. तो रडत बसेल."

ओजसने उजवीकडचा इंडिकेटर दिला आणि सरळच गेला.